परका देश आपल्याला कसा घेतो? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे तालुक्यात, मांद्रे गावात आमचं घर आहे. ऑक्टोबर ते मार्च मागच्या तीन खोल्या परदेशी पाहुण्यांना देते, आणि बाकीच्या महिन्यांत पेडणे, डिचोली, फोंड्याकडच्या बायामाणसांचे लहान गट घेऊन मीच बाहेर जाते. सतरा वर्षं हेच चाललंय. म्हणजे अर्धं वर्ष मी यजमान, उरलेल्यात पाहुणी. फोनवर, लग्नाच्या मांडवात, म्हापशाच्या बाजारात सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव करताना लोक तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. व्हिसाचे नियम दोन-दोन महिन्यांनी बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीचं पान स्वतः उघडून बघा, माझ्या शब्दावर विमानात बसू नका.

ताई, परदेशी माणसाशी सगळ्यात चांगला वागणारा देश कुठला?

हा पहिला प्रश्न, आणि याचं एका शब्दातलं उत्तर हवं असतं. ते द्यायचा प्रयत्न मोठमोठ्यांनी केलाय. दावोसची परिषद भरवणाऱ्या जागतिक आर्थिक मंचाच्या २०१३ च्या पर्यटन अहवालात १४० देशांची एक यादी होती: परदेशी पाहुण्यांकडे तिथले लोक कसे बघतात याची. पहिला आइसलँड, मग न्यूझीलंड, मग मोरोक्को. सगळ्यात शेवटी बोलिव्हिया, त्याच्या आधी व्हेनेझुएला, त्याच्या आधी रशिया. गोवेकराला गंमत वाटावी अशी दोन नावं मी मुद्दाम शोधली. पोर्तुगाल सातवा आणि कुवेत शेवटून चौथा. आमच्याकडे कित्येक घरांचा पासपोर्ट पहिल्याशी बांधलेला आणि पगार दुसऱ्याशी, तेव्हा यादी वाचून दाखवली की दोन्हीकडची माणसं भांडायला उठतात.

पण ती यादी कशी झाली ते बघा. पर्यटकांना कोणी काही विचारलंच नव्हतं. त्या त्या देशातल्या कंपन्यांच्या वरिष्ठांना विचारलं, की तुमच्याकडे परदेशी पाहुण्याचं स्वागत कसं होतं, एक ते सातमध्ये गुण द्या. म्हणजे घरच्याच माणसाला विचारायचं, तुमच्याकडे पाहुण्याला बरं वाटतं का हो? एखादा फुशारकी मारणार, एखादा घरातल्या कटकटीला कंटाळलेला असणार. शेवटच्या दहांत इराण आणि पाकिस्तानही होते. आमच्याकडे एक स्विस जोडपं राहिलं होतं, सायकलवरून आलेलं. त्यांना सगळ्यात जास्त जेवायला कुठे बोलावलं विचारलं, तर दोघंही एकदम म्हणाली, इराण. तिथे टॅक्सीवालासुद्धा भाडं आधी नको म्हणतो. ती त्यांची शिष्टाचाराची रीत आहे, तारोफ म्हणतात. दोन-तीनदा आग्रह केला की घेतो, आणि आपण पैसे द्यावेतच असं त्यालाही वाटत असतं. आपल्याकडच्या ‘राहू दे हो’सारखंच.

म्हणून या प्रश्नावर मी उलट विचारते: कुठलं दार? वकिलातीचं, विमानतळाचं की माणसाच्या घराचं? तिन्ही एकाच देशाची असली तरी एकाच स्वभावाची नसतात.

व्हिसा लागत नाही म्हणजे त्यांना आपण हवे आहोत, असंच ना?

त्यांना आपला खर्च हवा असतो, आणि त्यात वाईट काही नाही. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला, पाठोपाठ डिसेंबरात मलेशियाने. कोविडनंतर चिनी पर्यटक पूर्वीसारखे येत नव्हते आणि हॉटेलं भरायची होती. व्हिएतनामने त्याच वर्षी ऑगस्टपासून सगळ्याच देशांना नव्वद दिवसांचा ई-व्हिसा खुला केला. मालदीव तर जवळजवळ कुठल्याही देशाच्या माणसाला उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा फुकट देतो.

उलट बाजूला भूतान. आपल्याला व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, परमिट काढायचं. पण दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क सरकारला भरायचे. इतर बहुतेक परदेशी लोकांना हेच शुल्क २०२२ मध्ये २०० डॉलर केलं होतं, पुढल्या वर्षी १०० वर आणलं. थोडे या, पण खर्च करून या, असं ते उघड सांगतात. आमच्या गटातल्या एका काकूंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, पाहुण्याकडून रात्रीचं भाडं वेगळं आणि उंबऱ्याचं वेगळं! पण पारोच्या बाजूला एका घरात त्याच काकूंना तिथल्या आजीने लोण्याचा खारट चहा पाजला, काकूंनी तोंड वाकडं न करता तीन वाट्या संपवल्या, आणि निघताना दोघी एकमेकींचे हात सोडत नव्हत्या. शुल्क सरकारचं होतं, चहा आजीचा.

इराणचंच पुढचं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना पंधरा दिवसांपुरता व्हिसा माफ केला. मग एजंटांनी नोकरीचं आमिष दाखवून पोरांना त्याच वाटेने नेलं, तिथे अपहरण आणि खंडणीचे प्रकार झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही सवलत बंद झाली. दार उघडं होतं तेव्हा आपलीच माणसं आपल्याच पोरांना त्यातून ढकलत होती.

भारतीय पासपोर्ट बघून तोंड वाकडं करतात, खरं का?

काही ठिकाणी जास्त तपासतात, हे खरं. पण तोंड वाकडं करतात की नुसतं तपासतात, यात फरक करायला शिका. काउंटरवरचा माणूस दिवसात शेकडो पासपोर्ट बघतो. त्याचं न हसणं मनावर घेण्यात अर्थ नाही.

खरा फरक माणसात नसून वहीत असतो, हे गोव्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याला, आणि त्याच्या पुढच्या दोन पिढ्यांना, पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, त्यामुळे ते घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. एका युरोपच्या सहलीत माझ्या गटात दोन भाऊ होते. धाकटा विलायतेत स्विंडनला कामाला, पोर्तुगीज पासपोर्टचा. थोरला पेडण्यातच, आपल्या पासपोर्टचा. दोघांचं नाक एक, चाल एक, पिशवीत आईने दिलेले मुगाचे लाडूही एकाच डब्यातले अर्धे-अर्धे. फ्रँकफर्टला उतरल्यावर धाकटा युरोपीय लोकांच्या रांगेतून पाच मिनिटांत पलीकडे. थोरल्याला माझ्याबरोबर पाऊण तास. कुठे राहणार, कोण बरोबर आहे, परतीचं तिकीट दाखवा. धाकटा काचेपलीकडे बॅगांवर बसून लाडू खात होता. थोरला मला म्हणाला, ‘‘आईने मला आधी जन्माला घातलं, हीच चूक झाली का?’’ मग दोघंही हसत सुटले, पण थोरला नंतर बराच वेळ गप्प होता.

मग काउंटरवर काय विचारतात, आणि काय सांगायचं?

किती दिवस, कुठे उतरणार, परत कधी, पैसे किती. जेवढं विचारलं तेवढंच सांगा. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट कागदावर छापून घ्या, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. आणि ‘बघू, आवडलं तर आठवडाभर जास्त राहू’ हे वाक्य गंमतीतही बोलू नका. आमच्या एका दादांनी बोललं होतं. त्यांना आत नेऊन दोन तास बसवलं, बाहेर बाकीचे चौदाजण उपाशी.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, एक चांगलं सांगते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झालाय. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळू शकतो. शुल्क मात्र ९० युरो, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. याचा मलाही राग येतो. आपल्याकडे जेवायला बोलावून दारातूनच परत पाठवलं तर निदान पाट-पाण्याचे पैसे मागत नाहीत.

सामानात काय नेऊ नये?

इथे मी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त अपमान आणि रडारड स्वयंपाकघरातल्या पुड्यांवरून होते, आणि मग तो देशच वाईट ठरतो.

पहिली खसखस. शागोतीचा मसाला कुटताना आपण त्यात खसखस घालतो, मुलाला दुबईला पाठवताना पुडी बांधून देतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. तिथल्या कायद्याला ती अफूच्या झाडाची बी आहे, आणि आईने दिली होती हे सांगून सुटका होत नाही. सौदीतही नाही, सिंगापुरातही नाही. मसाला न्यायचाच तर खसखस वगळून करा, आणि पुडीवर काय-काय आहे ते इंग्रजीत लिहा.

दुसरं, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. यादीत दुसरा आलेला न्यूझीलंड बागायतीला कीड लागू नये म्हणून इतका जपतो, की विमानात दिलेलं सफरचंद न सांगता खिशात राहिलं तरी जागेवर ४०० डॉलर दंड, तिथले डॉलर. पण सांगितलं तर दंड नाही, फार तर वस्तू काढून घेतात. ऑकलंडला आमच्या गटातल्या एकीने फॉर्मवर सगळ्यावर ‘हो’ अशी खूण केली: तोराचं लोणचं, काजू, सुके बांगडे, सोलं. अधिकारी बाईने एकेक डबा उघडला. बांगड्याचा डबा उघडल्यावर दोन पावलं मागे सरली, मग काजू आणि सोलं परत बॅगेत घालून दिली, उरलेलं बाजूला ठेवलं, आणि सगळं खरं सांगितल्याबद्दल आभार मानले. गटातल्या बायकांना ती अजून आठवते, बांगडेवाली म्हणून. प्रत्येक डब्याचा निकाल असाच लागेल असं नाही, पण ‘हो’वर खूण करायची, हा माझा नियम.

२०२५ च्या सप्टेंबरात एका मल्याळी अभिनेत्रीला मेलबर्नला बॅगेतल्या मोगऱ्याच्या गजऱ्यावरून १९८० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, म्हणजे लाखाच्या वर रुपये. वीतभर गजरा. ओणमच्या कार्यक्रमाला निघाली होती. तेव्हा अबोलीचा वळेसर कितीही ताजा असला तरी मोपा विमानतळाच्या अलीकडेच सोडा.

युरोपात पर्यटकांवर पाणी मारतात म्हणे?

बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये मारलं. मोर्चातल्या काही लोकांनी हॉटेलांच्या बाहेर बसून जेवणाऱ्यांवर पोरांच्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. आपल्या लोकांनी व्हिडिओ बघून सहली रद्द केल्या. मी त्यानंतर स्पेनला गट नेला, कोणी शिंतोडासुद्धा उडवला नाही.

पण त्या मोर्च्यावर हसू नका, कारण ते दुखणं आपलंच आहे. स्पेनमध्ये २०२४ साली नऊ कोटींच्या वर परदेशी पर्यटक आले. बार्सिलोनात घरमालक राहणाऱ्याला काढून तीच घरं पर्यटकांना रात्रीवर देऊ लागले, भाडी चढली, तरुण पोरं शहराबाहेर गेली. तिथल्या महापौरांनी जाहीर केलं, की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे, नवे द्यायचे नाहीत. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याला पाच युरो तिकीट लावलं. ॲमस्टरडॅमने तर २०२३ मध्ये दारू आणि दंगा करायला येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांसाठी जाहिरातच काढली, ‘येऊ नका’ अशी.

आता मोरजी, मांद्रे, हरमल ही आमची किनाऱ्यावरची गावं आठवा. बारा महिन्यांच्या कराराने घर शोधणाऱ्या शिक्षिकेला हल्ली काय उत्तर मिळतं? ऑक्टोबरात रिकामं कराल का? आमच्या खालच्या वाड्यावर एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि पलीकडच्या व्हिलाचा तलाव भरलेला असतो. मी स्वतः खोल्या देते, त्यामुळे फार तोंड वर करून बोलायची सोय मला नाही. पण बार्सिलोनाची ती पिचकारी मला कळते.

जपानी लोक आदरातिथ्याचे बाप, असं ऐकलंय.

आहेतच. वाट विचारलीत तर हातातलं काम टाकून तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात. टीप देऊ नका, मागे धावत येऊन परत करतील. पण २०२४ मध्ये तिथे तीन कोटी साठ लाखांच्या वर परदेशी माणसं गेली, आणि त्या सौजन्यालाही ताण पडला. क्योतोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे फोन घेऊन धावणाऱ्यांमुळे खाजगी गल्ल्या बाहेरच्यांना बंद झाल्या, शिरलात तर दहा हजार येन दंड. फुजीच्या पायथ्याशी एका दुकानामागे डोंगर छान दिसायचा. फोटोवाल्यांनी इतका रस्ता अडवला, की २०२४ च्या मे महिन्यात गावाने डोंगरासमोर काळं जाळंच ठोकलं. काही महिन्यांनी काढलं.

जपानमध्ये राग आवाजात नसतो. पाटीवर असतो. रेल्वेत फोनवर मोठ्याने बोललात तर कोणी टोकणार नाही, फक्त शेजारची जागा रिकामी होईल. आमच्या गटाच्या आसपास पुष्कळ जागा रिकाम्या होत्या.

मॉरिशसमध्ये मराठी चालते का?

चालते म्हणण्यापेक्षा जपलेली आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्यांत कोकणातली माणसं होती, त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तिथे आजही आहे. घरात बोलतात बहुतेक क्रिओल, पण शाळेत मराठी विषय घेता येतो, मराठी मंडळींच्या संस्था आहेत, आणि गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. भारतीयांना व्हिसा लागत नाही.

कास्काव्हेल गावात देवळाबाहेर एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्या गटाला विचारलं, तुमी खंयचे? आम्ही म्हटलं, गोव्याचे. त्यांना गोवा नीटसा माहीत नव्हता, सावंतवाडी ऐकून माहीत होती. मग आमच्यातल्या एकीने आरती धरली आणि त्या बाईंनी दुसऱ्या ओळीपासून चाल उचलली. आमच्यापेक्षा एक कडवं त्यांना जास्त येत होतं.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, करारावर आलेली माणसं बोटीतून उतरायची ती जागा. २००६ पासून जागतिक वारसा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्याच्या आधी तिथे जावं असा माझा आग्रह असतो. किनारे काय, आपल्याकडे आहेत.

आखातात पर्यटक म्हणून गेलं तर?

दुबई सोपी आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. सौदीने २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा परदेशी लोकांना नुसतं फिरायला म्हणून व्हिसा द्यायला सुरुवात केली. मक्केत मात्र मुसलमानांशिवाय कोणाला प्रवेश नाही. कुवेतला हौसेने फिरायला गेलेला माणूस मी आमच्या तालुक्यात अजून पाहिला नाही. जातो तो कामाला, नाहीतर बाळंतीण सुनेसाठी डिंकाचे लाडू घेऊन.

देवळा-मशिदीत परक्याला घेत नाहीत, हे अपमानाचं नाही का?

काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात परधर्मीय परदेशी माणसाला नेत नाहीत. पुरीच्या जगन्नाथाचंही तसंच. गोव्यातल्या देवळांत पोशाखाचे नियम लागलेत, त्याला कारण अर्ध्या चड्डीत गाभाऱ्यापर्यंत आलेले लोक, आणि त्यात आपल्या देशातलेही पुष्कळ होते. मी पाहुण्यांना देवळात नेते तेव्हा एक जुनं पातळ आणि दोन लुंग्या गाडीत ठेवते. आत किती जायचं ते पुजाऱ्याला विचारते, सभामंडपातूनच दर्शन घ्या म्हटलं तर तिथूनच घेतो. व्हॅटिकनमध्ये माझ्याच गटातल्या एका मुलीला उघड्या खांद्यांमुळे अडवलं, तेव्हा तेच जुनं पातळ असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

परदेशी म्हणून जास्त पैसे लावतात, ही लूटच ना?

थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला तिकीट कितीतरी पट जास्त असतं, हे ऐकून आमचे लोक चिडतात. ताजमहालाचं तिकीट बघितलंय का? आपल्याला ५० रुपये, बाहेरच्या बहुतेकांना ११००. माझे पाहुणे आग्र्याहून परतल्यावर हा विषय काढतात, तेव्हा मी चहा आणायला आत जाते. सरकारने पाटीवर लिहिलेला वेगळा दर मला फारसा खुपत नाही. तोंड बघून सांगितलेला खुपतो.

राजकारण बिघडलं तर लोक त्रास देतात का?

२०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या काही उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांवर वाटेल ते लिहिलं, इकडे बहिष्काराची लाट आली, आकडा झरकन उतरला. त्याच वर्षी आमच्याकडचं एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला गेलं. तिकडच्या वेटरने त्यांना सांगितलं, आमची खोलीसफाईची माणसं कमी केली हो. वैर कोणाला परवडतं ते त्याला विचारा.

बाई एकटी जाऊ शकते का?

मला जास्त बरं कुठे वाटलं ते सांगते: जपान, सिंगापूर, व्हिएतनाम, पोर्तुगाल. मोरोक्को यादीत तिसरा, माणसं लाघवी, पण फेसच्या जुन्या बाजारात दोन गल्ल्यांत सहाजणांनी मला रस्ता दाखवायची तयारी दाखवली, आणि प्रत्येकाला नंतर पैसे हवे होते. घाबरण्यासारखं नव्हतं, थकवणारं होतं. मग आठवलं, आमच्याकडे राहणाऱ्या मुली संध्याकाळी किनाऱ्यावरून येऊन हेच सांगतात. सहाच्या जागी वीसजण, आणि हवा असतो सेल्फी.

आपल्या गोव्याचं काय? आपण चांगले यजमान आहोत का?

होतो, असं जुने पाहुणे म्हणतात. २०१९ साली नऊ लाखांच्या वर परदेशी पर्यटक गोव्यात आले होते. २०२४ मध्ये पाच लाखही नव्हते, देशी पर्यटक मात्र एक कोटीच्या घरात. कारणं सगळी आपल्या हातातली नाहीत. थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी २०१९ च्या सप्टेंबरात बुडाली आणि तिची चार्टर विमानं थांबली, मग कोविड, मग रशियाचं युद्ध. ब्रिटिशांना तर कोविडनंतर भारताचा ई-व्हिसा २०२२ च्या डिसेंबरपर्यंत मिळतच नव्हता. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक आजोबा मँचेस्टरहून फोनवर म्हणाले, तुझ्या देशाला मी आता आवडत नाही वाटतं. त्यांना काय सांगू, की दाराची किल्ली माझ्याकडे नसते?

पण काही आपल्याच हातातलं आहे. टॅक्सीचं भाडं. ओला-उबर गोव्यात नाहीत, आणि मीटर टाकणारा टॅक्सीवाला दाखवा नि बक्षीस मिळवा. मोपाला उतरलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात जे भाडं ऐकतो, त्यावरून गोव्याबद्दलचं मत करून टाकतो. त्यामानाने पायलट, म्हणजे आपले मोटारसायकलवाले, अजून सरळ आहेत. दुसरं, फोटो. २०२३ च्या जानेवारीत पर्यटन खात्याला रीतसर सूचना काढावी लागली, की अनोळखी माणसांचे, विशेषतः उन्हात पडलेल्यांचे नि पोहणाऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. हे लिहून सांगावं लागावं? पण लागलं.

आणि तरी पहाटे पोंय पोंय करत पाव घेऊन येणारा पोदेर आमच्या पाहुण्यांच्या खिडकीशी थांबतो, दोन पाव उंबऱ्यावर ठेवतो, पैसे महिन्याने घेतो. ते लोक घरी गेल्यावर चर्च, किल्ला विसरतात. पोदेराच्या भोंग्याबद्दल लिहितात.

घरात परदेशी पाहुणा ठेवायचा तर काय करावं लागतं?

पर्यटन खात्याकडे खोल्यांची नोंदणी करा. आणि पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म भरा, ऑनलाइन. आम्ही त्याला फॉर्म सी म्हणतो. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. पैसे न घेता ओळखीचा म्हणून ठेवला तरी भरायचा असतो. लोक याला कंटाळतात आणि राहून जातं, मग पोलीस आले की पाहुण्यालाच धारेवर धरल्यासारखं होतं. रात्री अकराला रेंजसाठी पोफळीत उभं राहून मी कित्येक फॉर्म भरलेत, एका हाताने डास मारत. स्वागतातलं पहिलं काम तेच समजा.

चवथीला परदेशी पाहुण्याला घरात घ्यावं का? घरचे लोक काय म्हणतील?

आमच्या सासूबाई आधी नाही म्हणाल्या होत्या. फिनलंडची एक बाई त्या वर्षी ऑगस्टातच येऊन राहिली होती, पाऊस बघायला. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची होती आणि आमचे पुरुष बाजारात अडकलेले. ती उंच, शिडीशिवाय हात पोचायचा. सासूबाईंनी तिला आंघोळ करून यायला सांगितलं, खुणेनेच. मग एकेक वस्तू हातात दिली: सुपारीचा घड, तोरिंजन, कवंडळं, नारळांचा घोस, आंब्याचे टाळे. प्रत्येकाचं नाव ती दोनदा म्हणून घ्यायची आणि मगच बांधायची. कवंडळ काही तिला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी माटोळीकडे बघून गाठी तपासल्या, दोन सोडून पुन्हा बांधल्या, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवलं.

पुढल्या वर्षी ती पुन्हा ऑगस्टात आली. फॉर्म सी भरताना मी तिला भेटीचं कारण विचारलं. म्हणाली, माटोळी. मी पर्यटन लिहिलं.